तीस टक्के वाटा घेणाऱ्याने राखणही करावी

नफ्यात तीस टक्क्यांचा वाटेकरी, तोट्यात अनोळखी, आणि दुकानात चोरी झाली की परगावी गेलेला! असा भागीदार आपल्यापैकी कोणी आपल्या धंद्यात घेईल काय? कोणीच घेणार नाही. पण क्रिप्टो नावाच्या धंद्यात केंद्र सरकार २०२२ पासून नेमका असाच भागीदार होऊन बसले आहे, आणि आपण सगळे हे मुकाट्याने पाहतो आहोत. म्हणून हा लेख.

काही सभासद म्हणतील, हा मुंबई-बंगळुरूच्या संगणकवाल्या पोरांचा विषय, बडोद्याच्या मराठी मंडळाच्या पत्रिकेत त्याचे काय काम? आमचे उत्तर सोपे आहे. ज्या बिटकनेक्टने जगभरच्या लोकांना बुडवले, त्याचा धागा आपल्या शेजारच्या सुरतेत निघाला. त्या प्रकरणात अंमलबजावणी संचालनालयाच्या अहमदाबाद कार्यालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये १,६४६ कोटी रुपयांची क्रिप्टो नाणी जप्त केली. दरमहा दहा टक्के परताव्याची लालूच दाखवणाऱ्या गेनबिटकॉइनचे गुन्हे पुण्यापासून नांदेडपर्यंत नोंदले गेले आणि त्याच महिन्यात सीबीआयने त्यासाठी देशभर छापे घातले. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादच्या न्यायालयाने बिटकॉइनच्या खंडणीसाठी एका बिल्डरचे अपहरण केल्याबद्दल १४ जणांना जन्मठेप दिली. त्यांत एक माजी आमदार होते आणि अमरेलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षकही होते. आमदार आणि पोलीसच जिथे नाणी लुटायला निघतात, तिथे सामान्य माणसाने फिर्याद कोणाकडे न्यायची? आता तरी हा विषय आपला वाटतो की नाही?

आज बंदी, उद्या कर

सरकारचे या बाबतीतले धोरण म्हणजे धरले तर चावते, सोडले तर पळते. ६ एप्रिल २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून सर्व बँकांना क्रिप्टोचा धंदा करणाऱ्यांशी संबंध तोडायला सांगितले. मुदत तीन महिन्यांची. आम्ही बँकेतल्या मंडळींनी ते निमूटपणे पाळले. २०१९ मध्ये सरकारनेच नेमलेल्या गर्ग समितीने संपूर्ण बंदीची आणि दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची शिफारस केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचे ते परिपत्रक रद्द केले. तरीही अनेक बँका ग्राहकांना त्याच परिपत्रकाचा दाखला देत राहिल्या, तेव्हा ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की बाबांनो, त्या परिपत्रकाचा हवाला देऊ नका. त्याच वर्षीच्या हिवाळी अधिवेशनाच्या कार्यक्रमपत्रिकेत क्रिप्टोचे विधेयक छापले गेले, पण ते मांडलेच नाही. आणि फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात, ज्या वस्तूवर बंदी येणार म्हणत होते, तिच्यावर थेट तीस टक्के कर! अर्थमंत्र्यांनी वर असेही सांगितले की कर लावला म्हणजे मान्यता दिली असे नव्हे.

वाचकहो, या वाक्याचा अर्थ आम्हाला आमच्या हिशेबाच्या भाषेत असा लागतो: जमेच्या बाजूला आमचे नाव लिहा, नावेच्या बाजूला लिहू नका. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीदेखील सांगेल की अशी खतावणी जुळत नसते.

शून्य नफ्यावर अठरा हजारांचा कर

आता कराचे गणितच मांडू. आयकर कायद्याच्या कलम ११५ बीबीएचप्रमाणे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. वजावट फक्त खरेदी किमतीची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढल्या वर्षी ओढताही येत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तीस टक्के मात्र तेच राहिले.

समजा, एखाद्याने दोन नाणी प्रत्येकी एक लाखाला घेतली. पहिले १ लाख ६० हजारांना विकले, नफा ६० हजार. दुसरे ४० हजारांना विकले, तोटा ६० हजार. दोन लाख घातले, दोन लाख हाती आले. कमाई शून्य. तरीही कर किती? ६० हजारांवर ३० टक्के म्हणजे १८,००० आणि उपकर ७२० मिळून १८,७२० रुपये. शेअरबाजारात हाच माणूस एकात कमावून दुसऱ्यात गमावता, तर त्याला तोटा वजा करता आला असता, आणि उरलेला आठ वर्षे पुढे ओढता आला असता.

त्याशिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का टीडीएस. नफ्यावर नव्हे, विक्रीच्या पूर्ण रकमेवर. कोणी एक लाखाची विक्री वर्षात पन्नास वेळा केली, तर पन्नास हजार रुपये सरकारदरबारी जाऊन बसले. ते विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकले, मग धंद्यात तोटा का झालेला असेना.

धंदा म्हणून हा व्यवहार करणाऱ्यांचे हाल याहून वाईट. स्वतःच्या खात्यावर नाणी घेऊन विकणाऱ्या पेढीला कारकुनाचा पगार, जागेचे भाडे, वीजबिल, काही म्हणजे काही त्या नफ्यातून वजा करता येत नाही. संगणक चालवून नाणी पाडणाऱ्याच्या यंत्रसामग्रीचा खर्चही खरेदी किमतीत धरायचा नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. दलाली घेणाऱ्या एक्स्चेंजचे तसे नाही. त्याचे उत्पन्न म्हणजे दलाली, म्हणून त्याला बाकीच्या कंपन्यांसारखा खर्च वजा करता येतो. म्हणजे मांडव घालणाऱ्याला खर्चाची सवलत आणि मांडवात बसून हरणाऱ्यावर कर!

याचा परिणाम काय झाला? टीडीएस सुरू होताच देशी एक्स्चेंजवरची उलाढाल कोसळली आणि गिऱ्हाईक परदेशी एक्स्चेंजकडे वळले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढाव्या लागल्या. पैकी बायनान्सला जून २०२४ मध्ये १८ कोटी ८२ लाखांचा दंड झाला. आधी आपणच गिऱ्हाईक कुंपणाबाहेर घालवायचे आणि मग कुंपणाबाहेर दंडुका घेऊन धावायचे, याला धोरण म्हणत नाहीत.

चार खाती, चार वाटे, जबाबदार कोणीच नाही

सरकार या धंद्याकडे पाहतच नाही असे मात्र कोणी समजू नये. चांगले डोळे फाडून पाहते. आयकर खात्याने आपला कर घेतला: २०२२-२३ मध्ये २६९ कोटी, २०२३-२४ मध्ये ४३७ कोटी. जीएसटीवाले एक्स्चेंजच्या दलालीवर १८ टक्के घेतात. ७ मार्च २०२३ पासून हा धंदा काळा पैसा प्रतिबंधक कायद्याखाली आला, त्यामुळे एक्स्चेंजला वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी आणि संशयास्पद व्यवहारांची माहिती देणे सक्तीचे झाले. कंपनी व्यवहार मंत्रालयाने १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपणांत तीन गोष्टी लिहायला लावल्या: क्रिप्टोतला नफातोटा, हाती असलेली नाणी आणि त्यासाठी लोकांकडून घेतलेल्या ठेवी वा आगाऊ रकमा. १ एप्रिल २०२६ पासून तर व्यवहारांचा तपशील आयकर खात्याला कळवण्याचेही बंधन आहे.

म्हणजे कर हवा, माहिती हवी, नोंदणी हवी, दंड हवा. या चारही खात्यांना आमचा एकच सवाल आहे. ग्राहकाने एक्स्चेंजकडे ठेवलेले नाणे कोणाचे? एक्स्चेंजचे की ग्राहकाचे?

हा वकिली कीस नव्हे. बँकेत पहिल्या दिवशी शिकवतात की ठेव ही बँकेची मालमत्ता नाही, ते बँकेचे देणे आहे. लॉकरमधला दागिना मात्र बँकेच्या ताळेबंदातच येत नाही, कारण तो ग्राहकाचा. एक्स्चेंजमधले नाणे ठेवीसारखे की दागिन्यासारखे? आपल्याकडे यासाठी स्वतंत्र हिशेब मानक नाही. आंतरराष्ट्रीय मानकांचा अर्थ लावणाऱ्या समितीने जून २०१९ मध्ये सांगितले की स्वतःजवळ असलेले क्रिप्टो अमूर्त मालमत्ता समजा, आणि विक्रीसाठी असेल तर मालसाठा समजा. आपले सनदी लेखापाल त्याच वाटेने जातात. पण परक्याचे नाणे सांभाळणाऱ्याने काय करावे, हा खरा प्रश्न त्याने सुटत नाही. आणि संकट कोसळते ते नेमके याच जागी.

चोरी एकाची, शिक्षा सगळ्यांना

१८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेतला साधारण ४५ टक्के भाग एका फटक्यात साफ झाला. पुढे काय झाले ते नीट ऐका. ज्यांची नाणी चोरीला गेलीच नव्हती, त्यांचीही नाणी गोठवली गेली. तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायची योजना निघाली आणि तिचा निवाडा झाला सिंगापूरच्या न्यायालयात. कारण मूळ कंपनी तिथली. इंदूरचा, नागपूरचा, बडोद्याचा ग्राहक सिंगापूरच्या योजनेवर संगणकावरून मत देत बसला. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये. पंधरा महिने लोकांचा पैसा अडकला, आणि त्या पंधरा महिन्यांत भारतातल्या एकाही नियंत्रकाला हे माझे काम आहे असे म्हणता आले नाही. कारण ते कोणाचेच काम नव्हते!

आता याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादच्या कार्वी या शेअरदलाल कंपनीने ग्राहकांचे शेअर परस्पर तारण टाकल्याचे उघड झाले. सेबीने २२ नोव्हेंबरला आदेश काढला आणि २ डिसेंबरला ऐंशी हजारांहून अधिक ग्राहकांचे शेअर त्यांच्या खात्यांत परत गेले. दहा दिवसांत! दलाल लबाड निघाला, पण शेअर डिपॉझिटरीत होते, नोंद शाबूत होती आणि आदेश देणारा मालक घरात होता.

क्रिप्टोमध्ये हे जमत नाही असे कोणी म्हणेल, तर जपानकडे पाहा. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे जगातले बडे एक्स्चेंज बुडाले. त्याच्या जपानी कंपनीच्या ग्राहकांना मात्र फेब्रुवारी २०२३ पासून आपली मालमत्ता काढता आली. जपानी लोक भाग्यवान म्हणून हे घडले नाही. तिथल्या कायद्याने ग्राहकांची नाणी कंपनीच्या नाण्यांपासून वेगळी ठेवायला लावली होती, म्हणून घडले. युरोपीय संघाचा कायदाही ३० डिसेंबर २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. तोही हेच सांगतो.

आपल्याकडे न्यायालयांना हे कळले आहे. मे २०२५ मध्ये गुजरातमधल्याच एका बिटकॉइन प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला विचारले की तीस टक्के कर घेता, तर नियमन का करत नाही? ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या अर्जावर निर्णय दिला की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती दुसऱ्याने विश्वस्त म्हणून सांभाळता येते. पण एकेका ग्राहकाने एकेक उच्च न्यायालय गाठायचे, आणि संसदेने बाकावर बसून पाहायचे, हे किती दिवस?

दोन्हीकडच्या शहाण्यांना उत्तर

एक पक्ष म्हणतो, हा जुगार आहे, हरतील ते मरोत. ठीक आहे, जुगार समजा. लॉटरीवरही तीस टक्केच कर आहे. पण लॉटरीसाठी १९९८ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात सोडत कशी काढावी ते लिहिले आहे. आपल्या गुजरातेत दारूबंदी आहे, तरी परमिटाच्या दुकानाला बाटलीबाटलीची नोंद ठेवावी लागते. वस्तू वाईट असेल तर नियम जास्त कडक हवेत. वाईट आहे म्हणून नियमच नको, हा कुठला न्याय?

दुसरे शहाणे म्हणतात, नियम केले की लोकांना ही वस्तू सुरक्षित वाटेल आणि गरीब माणूस फसेल. त्यांना आम्ही विचारतो, नियम नाहीत म्हणून कोण थांबले? २०२४-२५ मध्ये क्रिप्टोवरचा टीडीएस ५११ कोटींच्या घरात गेला. एक टक्क्याने हिशेब करा: एकावन्न हजार कोटींची उलाढाल झाली. माणसे आत शिरली आहेत. आता दारावर पहारेकरी ठेवायचा की नाही, एवढेच ठरायचे आहे.

आणि बँका तरी कुठे सुरक्षित आहेत, असा टोमणा आम्हाला काउंटरवर रोज ऐकावा लागतो. होय, बँकाही बुडाल्या. पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले की नव्वद दिवसांत ती रक्कम हाती पडावी असा कायदा आहे. तो कायदा आपोआप आला नाही. बुडालेल्या ठेवीदारांनी रस्त्यावर उतरून तो आणवला.

आपल्यातल्यांनाही दोन शब्द

तीस टक्क्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांपैकी कितीजण विवरणपत्रात क्रिप्टोचे स्वतंत्र परिशिष्ट भरतात? आयकर खात्याने ४४ हजारांवर करदात्यांना याच कारणासाठी सूचना पाठवल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. ज्याला कायद्याचे छत्र हवे, त्याने आपली वही आधी उघडी ठेवली पाहिजे. लपवलेल्या नाण्याची चोरी झाली तर फिर्याद कोणत्या तोंडाने देणार?

दुसरे, माणसाकडून माणसाला परस्पर नाणी विकण्याची पद्धत. एक्स्चेंजबाहेरच्या अनोळखी माणसाकडून खात्यात रक्कम येते, आपण नाणी देतो. ती रक्कम दूरच्या राज्यातल्या एखाद्या निवृत्ताला फसवून आणलेली निघाली, तर त्याची तक्रार १९३० क्रमांकावर जाते, पैशाचा माग तुमच्या खात्यापर्यंत येतो आणि खाते गोठते. त्यात पगार असो, मुलीच्या फीचे पैसे असोत. मग ग्राहक आमच्या खिडकीशी येऊन भांडतो. आमच्या हातात काहीही नसते. आदेश पोलिसांचा, आणि पोलीस ठाणे हजार मैलांवर. चोर सुटतो आणि संन्यासी सुळावर जातो तो असा. म्हणून मंडळातल्या तरुणांना कळकळीचे सांगणे आहे: हा परस्पर व्यवहार करू नका. प्रत्येक खरेदी-विक्रीची तारीख, किंमत आणि टीडीएस वहीत लिहा. आणि महिना दहा टक्के देणारा समोर आला, तर त्याला चहासुद्धा विचारू नका.

आपली मागणी

ज्या नगरीत श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली, त्या नगरीत परक्याचा पैसा कसा सांभाळावा हे कोणाला नव्याने शिकवायला नको. आपल्या मंडळाने पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव करून तो खासदारांकडे पाठवावा, असे आम्ही सुचवतो. ठरावात चार कलमे असावीत.

एक, एक्स्चेंजने ग्राहकांची नाणी आणि रुपये स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळे ठेवावेत. कंपनी बुडाली तरी ते तिच्या देणेकऱ्यांच्या हाती जाऊ नयेत.

दोन, ग्राहकांचे देणे आणि हाती असलेली नाणी यांचा मेळ सनदी लेखापालाकडून दर तिमाहीला तपासून जाहीर व्हावा, आणि त्यासाठी स्वतंत्र हिशेब मानक यावे.

तीन, या धंद्याला एकच नियंत्रक नेमावा आणि ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा भारतातच व्हावा.

चार, क्रिप्टोतला तोटा निदान क्रिप्टोतल्याच नफ्यातून वजा होऊ द्यावा, आणि टीडीएस फक्त माग काढण्यापुरता, म्हणजे एक टक्क्याहून बराच कमी असावा.

यातले काही मान्य करायचे नसेल, तर सरकारने सरळ बंदी घालावी आणि तीस टक्क्यांवरही पाणी सोडावे. तेही आम्हाला प्रामाणिक वाटेल. पण मान्यता नाही, संरक्षण नाही आणि वाटा मात्र हवा, ही सावकारी झाली. ठरावाच्या मसुद्यावर सभासदांनी आपल्या सूचना सभेच्या आठ दिवस आधी कार्यालयात लेखी द्याव्यात, ही विनंती.